आडवा छेद: कुठे घेतला, कुठून पाहिला, किती जाड?

आडवळण (धागाकर्ता)

घराचा प्लॅन, सीटी स्कॅनची फिल्म, डोंगराचा समोच्च रेषांचा नकाशा आणि कापलेल्या खोडावरची वलयं. चारही ठिकाणी युक्ती एकच आहे. वस्तूतून एक सपाट पातळी आडवी न्यायची आणि त्या पातळीत जे सापडेल तेवढंच कागदावर उतरवायचं. मी ड्राफ्टिंगच्या कामातला, त्यामुळे सुरुवात प्लॅनपासून करतो. बाकीच्या क्षेत्रांतल्यांनी आपापली भर घालावी म्हणून हा धागा.

प्लॅन म्हणजे वरून दिसणारं घर, असं सर्रास समजलं जातं. पण वरून पाहिलं तर छप्परच दिसेल. प्लॅन हा छेद असतो. फरशीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर अख्खं घर आडवं कापायचं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि खाली बघायचं. १.२ मीटरच का, तर त्या उंचीला दरवाजेही कापले जातात आणि बहुतेक खिडक्याही. तेच घर ३० सेंटीमीटरवर कापलं तर खिडक्यांच्या जागी सलग भिंत येईल. २.४ मीटरवर कापलं तर दरवाजेही गायब, कारण तिथे लिंटेलच्या (दरवाजावरच्या आडव्या तुळईच्या) वरची भिंत आली. घर तेच, तरी एका चित्रात खिडकी नाही आणि दुसऱ्यात आत शिरायलाच वाट नाही!

म्हणून रेघांची भाषा ठरलेली असते. कापलं गेलेलं जाड रेघेने, पातळीच्या खाली दिसणारं बारीक रेघेने आणि वर राहिलेलं (तुळई, माळा, उंचावरचा व्हेंटिलेटर) तुटक रेघेने. जिना काही पायऱ्यांनंतर तिरक्या रेघेने मध्येच तोडलेला असतो. नवख्याला वाटतं काढणारा कंटाळला. खरं म्हणजे तिथे तो जिना आपल्या कापणीच्या पातळीला जाऊन भिडलेला असतो.

माझं म्हणणं एवढंच, की कोणत्याही छेदाबरोबर तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत: कुठे घेतला, कुठून पाहिला आणि किती जाड. त्या नसतील तर चित्र कितीही सुबक असो, त्यावर विसंबू नये. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

क्षकिरण

छान विषय. आमच्याकडे दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सीटीची आडवी प्रतिमा रुग्णाच्या पायांकडून डोक्याकडे बघतोय अशी मांडतात. रुग्ण उताणा झोपलेला आणि आपण त्याच्या पायथ्याशी उभे. त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते आणि यकृत चित्रात डावीकडे दिसतं. पहिल्यांदा फिल्म हातात घेणारा इथे हमखास गोंधळतो.

आडवा छेद शरीरशास्त्रात सीटीच्या कितीतरी आधीपासून आहे. रशियन शल्यविशारद निकोलाय पिरोगोव्ह यांनी १८५० च्या दशकात गोठवलेली प्रेतं करवतीने कापून त्यांच्या छेदांचा मोठा चित्रसंग्रह केला. न गोठवता कापलं तर आतले अवयव जागा सोडतात, म्हणून ही थंडीची युक्ती. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेत 'व्हिजिबल ह्यूमन' प्रकल्पात एका पुरुषाच्या गोठवलेल्या देहाचे दर १ मिलिमीटरला एक असे १,८७१ छेद टिपले गेले. पुढच्याच वर्षी स्त्रीदेहाचे, ०.३३ मिलिमीटर अंतराने.

जिवंत माणसाचा न कापता सीटीचा छेद मिळायला मात्र १९७१ उजाडावं लागलं. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूची प्रतिमा घेतली, ती फक्त ८० गुणिले ८० चौकटींची होती. १९७९ चं नोबेल त्यांना आणि ॲलन कॉर्मॅक यांना मिळून मिळालं.

उंटावरचा_शहाणा

थांबा थांबा. रुग्ण झोपलेला. यंत्राचं कडं उभं. म्हणजे ज्या पातळीत कापलं ती जमिनीशी काटकोनात आहे. मग हा छेद आडवा कुठून झाला? उभाच झाला की.

क्षकिरण

शहाणे, बरोबर पकडलंत. शरीरशास्त्रात सगळ्या दिशा माणूस ताठ उभा आहे असं धरून ठरवतात. तो प्रत्यक्षात झोपो, नाहीतर उलटा टांगलेला असो. उभ्या माणसाला कमरेत कापणारी पातळी ती आडवी, मग तो कुठल्याही कुशीवर असेना.

पानगळ

आणि चार पायांच्या प्राण्याला हा नियम लावला की गंमत होते. कुत्र्याचा पाठीच्या कण्याला काटकोनात घेतलेला छेद जमिनीच्या हिशेबाने उभाच असतो. वनस्पतींतही तेच. जमिनीवर सरपटणाऱ्या वेलीच्या खोडाचा आडवा छेद घ्यायचा तर पातं उभं धरावं लागतं. आमच्यासाठी आडवा म्हणजे खोडाच्या अक्षाला काटकोनात. जमीन कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही.

तेव्हा आडवळण, तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी एक शून्यावा प्रश्न घाला: आडवा कशाच्या हिशेबाने?

आडवळण

मान्य, घातला. इमारतीत हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण इमारत उभीच असते (असावी).

क्षकिरण, तुमच्या पायथ्याकडून बघण्यावरून आठवलं. आमच्याकडेही वर बघून काढायचा एक नकाशा आहे, छताचा. दिवे, पंखे, खोटं छत, एसीच्या जाळ्या यांचा. आडवं कापून वरच्या बाजूला बघायचं. पण खरंच मान वर करून जसं दिसेल तसं काढलं तर डावं-उजवं उलटं होईल आणि खालच्या प्लॅनवर ठेवून जुळवता येणार नाही. म्हणून असं धरतात की फरशी आरसा आहे आणि आपण त्या आरशात छत बघतोय. मग पूर्वेची खिडकी दोन्ही कागदांवर एकाच बाजूला येते. वायरमनला हे समजावून दिलं नाही तर तो स्विचबोर्ड एका कोपऱ्यात आणि दिवा भलत्याच कोपऱ्यात काढून मोकळा होतो.

म्हणजे बघता तुम्हीही खालून, आम्हीही खालून. तुम्ही दिसतं तसं ठेवलंत, आम्ही उलटवून घेतलं.

क्षकिरण

तिसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे जाडीबद्दल, थोडं सविस्तर लिहितो. लोकांना छेद म्हणजे कागदासारखी पातळ गोष्ट वाटते. सीटीचा छेद थर असतो. समजा तो ५ मिलिमीटर जाड आहे. प्रतिमेतल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. हाउन्सफील्ड यांच्याच नावाच्या मापात हवा उणे १०००, पाणी ०, दाट हाड साधारण १००० च्या आसपास. आता एखाद्या ठिकाणी त्या ५ मिलिमीटरमध्ये खालचं अर्धं हाड आणि वरची अर्धी हवा आली तर काय होईल? यंत्र सरासरी काढणार: शून्य. आणि शून्य म्हणजे पाणी! तिथे पाण्याचा थेंबही नाही. कवटीच्या तळाशी, कानाच्या आतल्या भागात असे घोटाळे होतात, म्हणून तिथे १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेद घेतात.

दुसरी गोष्ट, एका छेदावर निदान करत नाहीत. फुप्फुसाच्या छेदात पांढरा गोल ठिपका दिसला. ती गाठ असू शकते किंवा छेदातून आरपार गेलेली रक्तवाहिनी. दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. मग माउसचं चाक फिरवत वरच्या-खालच्या छेदांत जायचं. ठिपका बाजूला सरकत, फाटे फुटत पुढे चालू राहिला तर वाहिनी. दोन-चार छेदांत मोठा होऊन लहान होत विरला तर गाठ असण्याची शक्यता जास्त. रेडिओलॉजिस्ट सारखं वर-खाली वर-खाली करत असतात ते याचसाठी.

रिकामटेकडा

+१. वाचतोय. चाक फिरवण्याचं आज कळलं.

पानगळ

हेच सूक्ष्मदर्शकाखाली. मूत्रपिंडातल्या नळ्या इतक्या वळणाच्या, की एकच नळी पातळ कापात पाच-सहा ठिकाणी दिसते. कुठे गोल, कुठे लंबगोल, कुठे नुसती भिंतच खरवडली गेल्यासारखी. यू आकाराची नळी टोकांकडून कापली तर दोन वेगळी वर्तुळं, वळणावर कापली तर एक लांबट पट्टा. हे कळेपर्यंत विद्यार्थी नळ्यांचे प्रकार मोजत बसतात.

आता खोडाकडे येते. कोवळ्या खोडाचा हाताने पातळ काप घ्यायचा, सॅफ्रॅनिनने रंगवायचा, काचपट्टीवर ठेवायचा. जलवाहिन्या लाल होतात. त्यांचे पुंज कडेने वर्तुळात मांडलेले असले तर द्विदल. सगळ्या खोडभर विखुरलेले असले तर एकदल. कुठल्याही उभ्या छेदात हे इतकं झटकन कळत नाही, तिथे दोघांतही नुसते उभे पट्टे दिसतात. पातं जरा तिरकं गेलं की गोल पेशी लांबुळक्या दिसू लागतात, म्हणून काप तपासताना आधी पेशींचा आकार बघावा आणि मग पुंजांकडे वळावं.

मोठ्या झाडात याच छेदाला वलयं मिळतात. इथे 'कुठे घेतला' फार महत्त्वाचं. झाड न तोडता पोकळ गिरमिटाने सालीपासून गाभ्यापर्यंत पेन्सिलीहून बारीक सळी काढतात, बहुतेक वेळा छातीच्या उंचीला, म्हणजे १.३ मीटरच्या आसपास. त्या सळीवर ८० वलयं मोजली म्हणजे झाड ८० वर्षांचं नव्हे. रोपट्याला १.३ मीटर उंची गाठायला जेवढी वर्षं लागली ती वरून मिळवावी लागतात. सावलीत वाढलेल्या झाडात ती बरीच असू शकतात.

शिवाय दुष्काळी वर्षी एखादं वलय खोडाच्या काही भागात उमटतच नाही. म्हणून नुसतं मोजण्यावर न थांबता अनेक झाडांचे रुंद-अरुंद वलयांचे क्रम एकमेकांशी जुळवतात. ए. ई. डग्लस यांनी याच पद्धतीने जिवंत झाडांपासून जुन्या तुळयांपर्यंत साखळी जोडत नेली आणि १९२९ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या प्राचीन वस्त्यांना नेमकी वर्षं देता आली.

एक नमुना मला फार आवडतो. फांदी फुटते तिथून खोड आडवं कापलं तर त्याच सपाट पृष्ठावर खोड आडवं कापलेलं दिसतं आणि फांदी तिच्या लांबीत उभी चिरलेली. वलयं गोल गोल येत असतात आणि मध्येच गाभ्यापासून सालीकडे निघालेली पाचर दिसते. तिथे खोडाची वलयं वाकून फांदीला बिलगलेली असतात. ज्या वर्षी फांदी वाळली त्या वर्षापासून बिलगणं थांबतं आणि नवी वलयं तिला नुसती वळसा घालून जातात. सुतारकामात पुढे निखळून पडते ती गाठ अशा वाळलेल्या भागाची.

शून्यपूर्णांक

सगळ्यांचं वाचून झालं, आता थोडं गणित सोसा.

नुसते आडवे छेद माहीत असले की घनफळ मिळतं. बोनाव्हेन्तुरा काव्हालिएरी यांनी हे १६३५ मध्ये मांडलं. दोन घन वस्तूंचे प्रत्येक उंचीवरचे आडवे छेद समान क्षेत्रफळाचे असतील तर दोघांचं घनफळ समान. चीनमध्ये झू गंग यांनी हीच कल्पना वापरून हजारएक वर्षं आधी गोलाचं घनफळ काढलं होतं.

करून बघू. १० त्रिज्येचा अर्धगोल पालथा ठेवा. शेजारी १० त्रिज्येचा, १० उंचीचा दंडगोल घ्या आणि त्यातून टोक खाली, तोंड वर असा शंकू कोरून काढा. आता दोन्ही ६ उंचीवर कापा. अर्धगोलाचा छेद ८ त्रिज्येचं वर्तुळ (१०० वजा ३६, वर्गमूळ ८), क्षेत्रफळ ६४ पाय (π). दंडगोलाचा छेद कडं: बाहेरची त्रिज्या १०, आतली ६, क्षेत्रफळ १०० पाय वजा ३६ पाय, म्हणजे ६४ पाय. कुठल्याही उंचीला कापा, हेच होणार. म्हणजे अर्धगोल म्हणजे दंडगोल वजा शंकू, दंडगोलाचा दोन तृतीयांश. कॅल्क्युलसला हात न लावता.

आणि याची दुसरी बाजू लक्षात ठेवा: छेदांच्या क्षेत्रफळावरून घनफळ कळतं, आकार कळत नाही. नाण्यांची सरळ चळत तिरकी ढकलली तरी घनफळ तेच.

पाणरेघ

शून्यपूर्णांक, आमच्या खात्यात यावरच रोजचं काम चालतं. जलाशयात पाणी किती हे मोजायला समोच्च रेषा वापरतात. प्रत्येक समोच्च रेषा म्हणजे जमिनीचा त्या उंचीवरचा आडवा छेद. पाणी नेमकं तिथपर्यंत चढलं तर काठ तिथेच येईल. समजा एका रेषेच्या आतलं क्षेत्र ४० हेक्टर, २ मीटर वरच्या रेषेच्या आतलं ६० हेक्टर. सरासरी ५० गुणिले २, म्हणजे १०० हेक्टर-मीटर, अर्थात १० लाख घनमीटर. शंकूछेदाच्या सूत्राने काढलं तर ९९.३ येतं. फरक एक टक्क्याच्या आत, म्हणून सरासरीवर भागतं. काही वर्षांनी पुन्हा तळ मोजायचा. त्याच उंचीच्या रेषांची क्षेत्रं घटलेली दिसली की गाळ किती आणि मुख्य म्हणजे कोणत्या थरात साचला ते कळतं.

डोंगराचं वजन काढायलाही हेच वापरलं आहे. १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलिन यांनी स्कॉटलंडमधल्या शीहॅलियन डोंगराजवळ त्याच्या ओढीने ओळंबा किती कलतो ते मोजलं. त्यावरून पृथ्वीची घनता काढायची तर डोंगराचं वस्तुमान हवं, आणि हजारो बिंदूंच्या उंच्यांचा ढीग समोर. चार्ल्स हटन यांनी समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले आणि डोंगराचा आकार कागदावर उतरला. त्यांचं उत्तर पाण्याच्या सुमारे ४.५ पट आलं. आजचं मान ५.५ आहे.

ढिगारा

उत्खननात आडव्या छेदावर डोळे मिटून विश्वास ठेवणं महागात पडतं. आडवं उत्खनन म्हणजे मोठं क्षेत्र उघडून एका काळची वस्ती (जमिनी, चुली, भिंतींचे पाये) एकदम बघणं. उभं उत्खनन म्हणजे खोल चर घेऊन काळाचा क्रम बघणं. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर चौकोनी खड्डे घेऊन मध्ये मातीचे बांध राखत, ते याचसाठी. खड्ड्याच्या तळाशी आडवं दृश्य, बांधाच्या बाजूवर उभं.

पण सारखी खोली म्हणजे सारखा काळ नव्हे. वस्तीचा उतार असतो, नंतरच्या लोकांनी कचऱ्याचे खड्डे खणलेले असतात. दर १० सेंटीमीटरला सरसकट सपाट थर काढत गेलं, तर एकाच थरात जुनी जमीन आणि तिच्यात घुसलेला पुढच्या पिढ्यांचा खड्डा, दोन्ही येतात. मग दोन काळांची खापरं एका पिशवीत. म्हणून खड्ड्याची कड मातीच्या रंगावरून, ओलाव्यावरून हेरून तो आधी वेगळा उकरतात आणि पुढे थराच्या कलाने खणतात. गणिती सपाटी सोडून द्यावी लागते.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे तुमचा आडवा छेद आडवा नसलेलाच बरा.

पाणरेघ

हवामानवाल्यांचंही तसंच आहे. ५०० हेक्टोपास्कलचा नकाशा साधारण साडेपाच किलोमीटर उंचीचा म्हणून सांगतात, पण ती सपाट पातळी नव्हे. तेवढा दाब जिथे जिथे आहे ते उंचसखल पृष्ठ आहे आणि नकाशावरच्या रेषा त्याच पृष्ठाची उंची दाखवतात.

थरावरथर

माझं क्षेत्र सगळ्यांच्या उलट. तुम्ही वस्तू कापून बघता, थ्रीडी प्रिंटर छेद रचून वस्तू करतो. सॉफ्टवेअर मॉडेलचे ०.२ मिलिमीटर जाडीचे आडवे काप करतं आणि यंत्र एकेक काप खालून वर घालत जातं. इथे जाडीची किंमत थेट दिसते. मंद उतारावर पायऱ्या पडतात, उभ्या भिंतीवर जवळपास दिसत नाहीत. प्रत्येक कापाला खालच्याचा आधार लागतो, उभ्या रेषेपासून साधारण ४५ अंशांहून जास्त झुकलेल्या भागाला टेकू द्यावा लागतो.

आणि दोन थरांमधला सांधा हीच कमजोर जागा. हूक उभा ठेवून छापला तर वजन टांगताच थर एकमेकांपासून सुटतात आणि तो आडवा मोडतो. तोच हूक कुशीवर झोपवून छापला की प्लास्टिकची रेघ हुकाच्या वळणाने सलग जाते. मॉडेल तेच, मटेरियल तेच. आडवं कुठून धरलं एवढाच फरक.

आडवळण

थरावरथर, हुकाचं उदाहरण झकास. पानगळ यांचा शून्यावा प्रश्न इथे थेट मजबुतीवर आला.

जहाजवालं कोणी आहे का इथे? त्यांच्या नकाशांत आडव्या छेदांची एक अख्खी माळ असते असं ऐकून आहे.

सुकाणू

आहे. उशिरा आलो. जहाजाच्या आराखड्यात सांगाडा तीन दिशांनी कापतात, त्यातले आडवे छेद म्हणजे वेगवेगळ्या जलरेषा. डावी-उजवी बाजू सारखीच असल्यामुळे अर्धाच छेद काढतात.

जलरेषेच्या छेदाचं क्षेत्रफळ हा रोजच्या वापरातला आकडा. समजा ते २,००० चौरस मीटर आहे. जहाज १ सेंटीमीटर आणखी बुडायला २० घनमीटर पाणी बाजूला सारावं लागेल. समुद्राचं पाणी घनमीटरला १.०२५ टन, म्हणजे साडेवीस टन. हा आकडा माहीत असला की माल चढवताना जहाजाच्या अंगावरच्या खुणा बघून किती टन आले याचा अंदाज बांधता येतो. जलरेषा वर गेली की छेद बदलतो, म्हणून आकडा प्रत्येक खोलीला वेगळा, त्याचा तक्ता असतो.

स्थैर्यही याच छेदावर ठरतं, आणि तिथे रुंदीचा घन येतो. छेद १० टक्के रुंद केला तर कलल्यावर परत सरळ करणारा त्याचा वाटा ३३ टक्क्यांनी वाढतो.

उंटावरचा_शहाणा

जहाज कललं की छेद कोणता धरायचा? जहाजाच्या हिशेबाने आडवा की समुद्राच्या?

सुकाणू

समुद्राच्या. जहाज थोडंच कललं असेल तर जुन्या छेदावर काम चालतं. जास्त कललं की एक कड बुडते, दुसरी वर येते, छेदाचा आकारच बदलतो आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो.

पण तुमच्या प्रश्नाचा खरा धोकादायक भाग जहाजाच्या आत आहे. अर्ध्या भरलेल्या टाकीतल्या पाण्याचा पृष्ठभाग हाही एक आडवा छेद, आणि तोसुद्धा समुद्राच्याच हिशेबाने आडवा राहतो. जहाज कललं की ते पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि आणखी कलवतं. इथेही रुंदीचा घन, फक्त विरुद्ध बाजूने. म्हणून रुंद टाकीत लांबीच्या दिशेने मधोमध एक आडभिंत घालतात. दोन्ही अर्ध्यांचा एकेक वाटा मूळच्या एक अष्टमांश, दोन मिळून एक चतुर्थांश. पाणी तेवढंच, छेदाचं एकूण क्षेत्रफळही तेवढंच, तरी त्रास पाव होतो. टाकी एकतर काठोकाठ भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवा म्हणतात तेही यामुळेच. काठोकाठ भरली की पाण्याला हलायला मोकळा पृष्ठभागच उरत नाही.